चुकोटकर-कामतकरांचं स्थळ

दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या मराठी माणसांत दोन तट आहेत. अंबादास गायधनींशी ज्यांचं नातं निघालेलं आहे असे, आणि ज्यांची त्यांच्याशी अजून गाठच पडलेली नाही असे. तिसरा तट संभवत नाही. गाठ पडली की पहिल्या मिनिटाला आडनाव, दुसऱ्याला 'म्हणजे मूळ कुठले?', तिसऱ्याला आजोळ, आणि पाचव्या मिनिटाला अंबादास समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगतात की तुम्ही माझे साडू लागता, किंवा भाचे, किंवा अगदीच ताणून धरलंत तर व्याह्यांचे मावसभाऊ. व्हिसाच्या रक्ततपासणीच्या रांगेत त्यांच्यापुढे निनाद नावाचे संगमनेरचे एक इंजिनीअर उभे होते. ते आत जाऊन, रक्त देऊन, दंडावर कापूस दाबून बाहेर आले तोवर त्यांचा भाचा झालेला होता. ह्याला तीन वर्षं झाली. निनाद त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतात आणि हल्ली लिफ्ट सोडून जिन्याने जातात.

ह्यात अंबादासांचा दोष म्हणावा तर तो त्यांच्या नोकरीचा. जबल अलीतल्या एका मालवाहतूक कंपनीत ते सत्तावीस वर्षं कागद तपासतायत. बिलावर एक नाव, पॅकिंग लिस्टवर दुसरं, असं झालं की कंटेनर गेटावर अडकतो आणि अंबादासांकडे येतो. ते चष्मा कपाळावर चढवून दोन्ही कागद खिडकीच्या उजेडात धरतात आणि माल नक्की कुणाचा ते शोधून काढतात. बेवारशी माल नसतो, असा त्यांचा सिद्धांत आहे. कुणीतरी कागद नीट बघितलेला नसतो. हाच सिद्धांत त्यांनी माणसांना लावला, एवढंच. आणि सत्तावीस वर्षांत 'हे आडनाव मला माहीत नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं.

अशा माणसाच्या घरात लग्नाची मुलगी असली की तिचं काय होत असेल, ते आभाला विचारावं. आभा पंचवीस वर्षांची. शाळा दुबईत, भाषाशास्त्रात एम.ए. पुण्याला, आणि आता इंटरनेट सिटीत एका कंपनीत नोकरी. तिथे ती दिवसभर कॉम्प्युटरला माणसांसारखं बोलायला शिकवते. 'आपल्या घरात बापाला तिने अजून नाही शिकवलं,' असं तिची आई सविता म्हणायची. वडिलांनी गेल्या वर्षात नऊ स्थळं आणली. नववा वरद नावाचा मुलगा होता, आणि तो तिच्या आत्याच्या नणंदेचा पुतण्या निघाला म्हणून अंबादास इतके खूश झाले की मुलाला नोकरी आहे का हे विचारायचंच राहिलं. त्या दिवशी आभा जेवणाच्या ताटावरून उठली होती. म्हणाली, "बाबा, आडनावं सोडून माझ्याशी काही बोलाल का तुम्ही, एव्हर?" शेवटी सविताने मध्ये पडून तह केला: दिवाळीपर्यंत लग्न हा शब्द घरात काढायचा नाही. अंबादासांनी देवासमोर हात जोडून शब्द दिला. मग सविता बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नाशिकला गेली, आणि बापलेक तह पाळत, पावभाजी आणि हवामान ह्या दोन विषयांवर दिवस काढू लागले.

अशात तो मंगळवार आला.

संध्याकाळी आभा गॅलरीत पुण्याच्या मैत्रिणीशी, समिधाशी, फोनवर बोलत होती. अंबादास आतून गॅलरीच्या काचेपाशी गेले ते टॉवेल घ्यायला. त्यांची ऐकायची इच्छा नव्हती असं तेही म्हणणार नाहीत, पण सुरुवात टॉवेलनेच झाली. बाहेर एसीचं यंत्र घरघरत होतं आणि दर दोन शब्दांतला एक शब्द गिळत होतं. उरलेलं कानावर आलं ते असं:

"अगं, निवख एकदम एकटं... जवळचं म्हणावं असं कुणीच नाही... चुकोटक... कामत्क... फॅमिलीशी लिंक प्रपोज केलीय, पण प्रूव्ह कुठे झालीय? अर्धे लोक मानतच नाहीत... मला विचारशील तर, काहीतरी आहे. मला आतून वाटतं, आहे."

मग थोडी घरघर. मग हलक्या आवाजात:

"निवखकडे वेळ फार नाहीये गं. आत्ता नाही गेले तर काय उरणार... बाबांना नाही सांगितलं अजून. गुरुवारपर्यंत हो की नाही कळवायचंय."

अंबादास टॉवेल न घेता परत फिरले आणि सोफ्यावर बसले.

इथे एक गोष्ट उघड करून टाकलेली बरी, नाहीतर वाचणाऱ्याचाही अंबादास व्हायचा. निव्ख ही भाषा आहे. जपानच्या वर साखालिन नावाचं बेट आहे, तिथे आणि समोरच्या अमूर नदीच्या मुखापाशी ती बोलतात. बोलणारे फार थोडे उरलेत, आणि तेही बहुतेक म्हातारे. तिला जगात सख्खं कुणी नाही असं मानतात. त्याहून वर, रशियाच्या पार ईशान्य टोकाला चुकोटको-कामचॅटकन नावाचं भाषांचं एक कुटुंब आहे. ह्या दोघांचं मुळात नातं असावं, असं काही अभ्यासकांनी सुचवलंय, आणि बाकीचे अभ्यासक मान हलवतायत, आडवी. उत्तर युरोपातल्या एका विद्यापीठाने आभाला ह्याच प्रश्नावर चार वर्षं संशोधन करायला बोलावलं होतं. उत्तर गुरुवारी द्यायचं होतं. एवढंच.

पण हे अंबादासांना कोण सांगणार? विचारायचं तर आधी चोरून ऐकल्याचं कबूल करावं लागलं असतं, आणि वर तह मोडला असता. त्यांच्यापुढे जे होतं ते असं: निवख नावाचा मुलगा. नावाचं त्यांना नवल वाटलं नाही. हल्ली विवान असतात, कियान असतात, त्यात एक निवख. मुलगा अनाथ. चुकोटकर-कामतकर नावाचं घराणं. हे जोडआडनाव म्हणजे सासूने माहेरचं नाव सोडलेलं नाही, शिकलेली दिसते. मुलगा ह्या घरातला असल्याचं कुणीतरी म्हणतंय, पण घरातले निम्मे त्याला आपला मानत नाहीत. आणि वेळ फार नाही, म्हणजे मुलगा आजारी, आणि साधा आजारी नाही. आणि आपली आभा गुरुवारी त्याला हो म्हणणार.

ह्या सगळ्यात त्यांना सर्वांत जास्त काय टोचलं असेल? खरं सांगायचं तर पहिल्या तासात आजार नाही टोचला. चुकोटकर कोण ते त्यांना माहीत नव्हतं, हे टोचलं. चुकोट नावाचं गाव कुठे आलं? कोकणात? विदर्भात? मनातल्या मनात त्यांनी सगळा महाराष्ट्र तालुक्या-तालुक्याने चाळला आणि रिकाम्या हाताने परत आले.

बुधवारी ऑफिसात त्यांनी सत्तावीस वर्षांत न केलेली चूक केली. मसाल्याच्या एका कंटेनरच्या डिलिव्हरी ऑर्डरवर, माल घेणाऱ्याच्या रकान्यात, 'निवख' असं टाइप केलं. शेजारच्या टेबलावर कराचीचा तहा बसतो. त्याने कागद उचलला आणि भुवया उडवल्या.

"अंबादास भाई, ये निवख कौन सी पार्टी है? नई आई है?"

अंबादासांनी कागद ओढून घेतला, घडी करून खिशात घातला आणि पुटपुटले की रिश्त्याचा मामला आहे. तहा खुर्ची घेऊन जवळ सरकला. लडका कैसा है, वगैरे विचारू लागला. अकेला है, कोई नहीं उसका, एवढं अंबादासांनी सांगितलं.

"तो फिर अच्छा है ना, हबीबी. सास-ससुर का चक्कर ही खलास."

अंबादास हसले नाहीत. हळूच म्हणाले, बीमार है, टाइम कम है. तहाची चेष्टा तिथल्या तिथे थांबली. त्याने स्वतःचा चहाचा कप अंबादासांपुढे सरकवला आणि दुपारपर्यंत त्यांचे कागदही त्यानेच तपासले.

जेवणाच्या सुट्टीत अंबादासांनी अजमानला मृणालिनीताईंना फोन लावला. मृणालिनीताईंचं अजमानमध्ये पुरणपोळी, चकली, मोदक असं करून देण्याचं स्वयंपाकघर आहे. शारजा-दुबईतल्या सगळ्या मराठी घरांत त्यांचा डबा जातो, आणि डब्याबरोबर इकडची बातमी तिकडे. कुणाच्या सुनेने काय ऑर्डर केलं त्यावरून कितवा महिना आहे ते त्या सांगतात. अंबादासांच्या तोडीचं अख्ख्या अमिरातीत दुसरं कुणी असेल तर त्याच, आणि दोघांनाही ते ठाऊक आहे.

त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की ताई, चुकोटकर-कामतकर म्हणून कुणी आपल्या पाहण्यात आहेत का?

पलीकडे क्षणभर शांतता पडली. ती शांतता नीट ऐकली असती तर पुढचा सगळा घोळ टळला असता. पण अंबादास स्वतःच्या शांततेत होते.

"चुकोटकर ना?" मृणालिनीताई म्हणाल्या. "अहो, दोन चुकोटकर आहेत. तुम्हांला कुठले हवेत, अजमानचे की शारजाचे?"

आता मृणालिनीताईंनी चुकोटकर हे नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेलं होतं, हे सांगायला नको. पण अंबादास गायधनींना माहीत असलेलं आडनाव आपल्याला माहीत नाही, हे कबूल करण्यापेक्षा त्यांनी स्वयंपाकघराला कुलूप लावलं असतं. आणि अंबादासांनाही वाटलं की ह्यांना दोन चुकोटकर माहीत असताना आपल्याला एकही नसावा, हे बरं दिसत नाही. ते घाईने म्हणाले, "अजमानचेच. म्हणजे मला माहीत आहेत तसे. तुमच्याकडून खात्री करून घ्यावी म्हटलं."

"तेच ते. सिमेंटच्या ब्लॉकचा कारखाना," मृणालिनीताई म्हणाल्या. "संध्याकाळी या. असलं फोनवर बोलू नये."

ऑफिस सुटल्यावर अंबादासांनी टॅक्सी केली. अजमानपर्यंत दीडशे दिऱ्हम, म्हणजे साडेतीन हजार रुपये, असं स्वतःशी मोठ्याने म्हणून त्यांनी हळहळ व्यक्त केली आणि बसले. स्वयंपाकघरात मृणालिनीताईंची हैदराबादची मदतनीस हाफिजा सोऱ्याने चकल्या पाडत होती. अंबादासांपुढे ताज्या चकल्यांची ताटली आली आणि तपासाला सुरुवात झाली.

त्या तपासाची गंमत अशी की दोघांनाही वाटत होतं, समोरच्याला सगळं माहीत आहे. अंबादास एक धागा सोडायचे, ताई तो पकडून हातभर सूत काढायच्या, आणि ते सूत बघून अंबादासांना वाटायचं, म्हणजे खरंच आहे तर. सासू शिकलेली आहे ना, असं त्यांनी विचारलं. ताईंनी सांगितलं की शिकलेली म्हणजे काय, माहेरचं नावसुद्धा टाकलं नाही तिने. कामतकर म्हणजे गोव्याकडचे का, असं त्यांनी विचारलं. तर ताई म्हणाल्या, गोव्याच्या अलीकडचे, पण मासे तसेच. शेवटी अंबादासांनी आवाज उतरवला, आभासाठी विचारतोय, मुलाची तब्येतही फार वाईट आहे म्हणतात, असं सांगितलं आणि निवख त्यांचाच का, असं विचारलं.

मृणालिनीताईंनी हाफिजाकडे एक नजर टाकली, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "तेच तर आहे ना, भाऊ. म्हणणारे म्हणतात त्यांचा. पण पुरावा काय?"

अंबादासांच्या हातातली चकली ताटलीत पडली. गॅलरीतून ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं अजमानला पोचलेलं होतं. आता शंकेला जागा उरली नाही.

हाफिजाने सोऱ्या खाली ठेवून विचारलं, "दीदी, ये चुकोटकर लोग को हमने कभी डिलिव्हरी दिया क्या? मेरे पास तो ॲड्रेस नहीं."

"वो लोग बाहर का नहीं खाते," मृणालिनीताई म्हणाल्या.

परतीच्या टॅक्सीत शारजाच्या रस्त्यावर दीड तास गाडी मुंगीच्या चालीने सरकत होती, आणि अंबादासांच्या डोक्यात एकाच गोष्टीचा भुंगा होता: गुरुवारी आभा हो म्हणणार, आणि ते हो आपल्याला अजमानहून कळणार. आपण नऊ स्थळं आणली ती सगळी नात्यागोत्याची, दोन्हीकडून बांधलेली. ह्या मुलाला बांधायला कुठे काही नाही. त्यांनी मनात नाही म्हणून पाहिलं. नाही म्हणायला आडनाव पुरेसं होतं, आजार तर होताच. पण फोनवरचं तिचं ते वाक्य मध्ये येत होतं, 'मला आतून वाटतं, आहे.' वरदबद्दल तिने कधी 'आहे' म्हटलं नव्हतं, 'नाही' म्हणायचीही तसदी घेतली नव्हती. आणि ज्याला कुणी नाही त्याला आपण नाही म्हणायचं, तर सत्तावीस वर्षं लोकांच्या खांद्यांवर हात कशाला ठेवत फिरलो? गाडी शेवटी मोकळ्या रस्त्याला लागली तेव्हा अंबादासांनी ठरवलं होतं. हो म्हणायचं. डॉक्टरांचं आधी विचारायचं, पण हो म्हणायचं.

गुरुवारी सकाळी साडेसहालाच नाशिकहून सविताचा फोन आला. मृणालिनीताईंनी तिचं आधी अभिनंदन केलं होतं आणि मग सांत्वन.

"अहो, आपल्या आभाचं चुकोटकरांकडे ठरतंय, मुलगा सिरीयस आहे, त्यातून तो त्यांचा नाही, आणि हे मला अजमानहून कळावं?"

अंबादास म्हणाले की मला संध्याकाळपर्यंत वेळ दे. सविताने दिला, पण असा दिला की नाशिकहून इथपर्यंत डोळे वटारलेले दिसले.

मग त्यांनी ऑफिसला सुट्टी कळवली, दोन कप चहा केला आणि लॅपटॉप उघडून बसलेल्या आभापुढे एक ठेवला. समोर बसले. घसा खाकरला.

"आभा, निवखला माझी ना नाही."

आभाने मान वर केली. तिचं तोंड थोडं उघडं राहिलं.

"त्याला कुणी नाही, तर नसू दे," अंबादास म्हणाले. "चुकोटकर मानोत न मानोत. आपण आहोत."

"बाबा," आभा हळूच म्हणाली, "तुम्ही हे वाचलंत? माझ्यासाठी?" आणि तिचे डोळे भरून आले, कारण ज्या बापाशी गेले दोन महिने पावभाजीवर बोलावं लागत होतं, तो निव्खच्या एकटेपणाबद्दल बोलत होता. "तुम्हांला चुकोटको-कामचॅटकन माहितीयेत?"

"काल अजमानला जाऊन आलो."

"अजमानला?"

"चौकशी केली. घर बरं आहे म्हणतात. ब्लॉकचा कारखाना आहे. कामतकर गोव्याच्या अलीकडचे. पण ते राहू दे, डॉक्टर काय म्हणतायत ते मला आधी सांग. किती वेळ म्हणतायत?"

आभाच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उमटत गेली: गॅलरी, फोन, समिधा, एसीची घरघर. आणि ती हसायला लागली. टेबलावर डोकं ठेवून हसली, चहा सांडला तरी हसली. अंबादास गोंधळून हातात फडकं घेऊन उभे राहिले. हसता हसता ती एकदम थांबली.

"एक मिनिट. म्हणजे तुम्ही एका मुलाला हो म्हणायला आला होतात? ज्याला कुणी नाही, जो आजारी आहे, ज्याचं आडनावसुद्धा कन्फर्म नाही?"

"तू म्हणालीस ना, काहीतरी आहे."

आभाने त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि बराच वेळ टेबल पुसत राहिली. टेबल कधीच कोरडं झालं होतं.

पुढचा तास समजावण्यात गेला. लॅपटॉपवर नकाशा आला. अंबादासांनी कालच्या त्या चुकलेल्या डिलिव्हरी ऑर्डरची मागची कोरी बाजू घेतली आणि सवयीने वंशावळ मांडायला घेतली. वर चुकोटकर, कारण दुसरं नाव त्यांच्या हातून लिहिलंच जाईना. खाली पोरं: चुक्ची, कोर्याक, आलूतोर. एका बाजूला इतेलमेन. हा घरातलाच धरतात, आभा म्हणाली, पण काही जण म्हणतात तो खरा घरातला नाही, शेजारी राहून राहून तसा दिसायला लागलाय. अंबादासांना फार बरं वाटलं. असा एक प्रत्येक घरात असतो, ते म्हणाले, आमच्याकडे बंडूकाका होते. मग कागदाच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी एकटं 'निवख' लिहिलं आणि पेन अडलं.

"आणि मुलगा कुठाय?"

"बाबा, मुलगा नाहीये. ही भाषा आहे. लँग्वेज."

"हं," अंबादास म्हणाले. त्यांना पटलं होतं, पण कालपासून मनात बसवलेला मुलगा उठून जायला तयार नव्हता. टॅक्सीत दीड तास त्यांनी त्याच्याशी बोलणी केली होती.

आभा सांगत गेली. निव्खमध्ये माणसं मोजायचे आकडे वेगळे, होड्या मोजायचे वेगळे, मासेमारीची जाळी मोजायचे वेगळे. अंबादास म्हणाले, त्यात काय विशेष, आपल्याकडे माणसं पाच जण असतात आणि खोकी पाच नग. आभा म्हणाली, तिथे खुद्द पाच हा शब्दच बदलतो. ह्यावर अंबादास थोडे घाबरले. पॅकिंग लिस्ट कोण तपासत असेल तिथे, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी ते विचारलंही.

मग ते कागदाकडे बघू लागले. ह्या टोकाला निवख, त्या टोकाला चुकोटकर, मध्ये कोरा कागद. आयुष्यभराची सवय, हात आपोआप मध्ये रेघ ओढायला गेला. पण त्यांनी ओढली नाही.

"हे भाऊबंद आहेत की सोयरे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे असं बघ. आमच्या गावात दोन घरं आहेत. एकमेकांसारखी दिसतात, बोलतात, आमटीत गूळसुद्धा सारखाच घालतात. पण ती सोयरी. शंभर वर्षं मुली इकडच्या तिकडे दिल्या-घेतल्या म्हणून सारखी झालेली. मूळ वेगळं. आणि दुसरी दोन घरं, एक सिन्नरला, एक पार नगरकडे, तोंडं ओळखत नाहीत, आडनावंही आता वेगळी. पण तिकडे कुणी गेलं की इकडे दहा दिवस सुतक. ते भाऊबंद. तेव्हा दिसण्या-बोलण्यावर कधी जाऊ नये. कुणाचं सुतक कुणाला लागतं, ते बघायचं."

आभाने लॅपटॉप बंद केला. "बाबा, सगळा वाद हाच आहे. एकमेकांकडून घेतलेलं किती आणि मुळातलं किती. पण भाषेला सुतक नसतं ना."

"तसलं काहीतरी असणार. जे कुणी शेजाऱ्याकडून उसनं आणत नाही असं."

"क्रियापदाला मागे-पुढे लागणारे तुकडे," आभा विचार करत म्हणाली. "ते सहसा कुणी उसने आणत नाही. शब्द आणतात. पण तेसुद्धा सहसा, हां. आणि इतकी हजारो वर्षं गेलीत की उरलंय काय नि योगायोग काय, तेच कळत नाही."

"मग कळणार कसं?"

"तेच शोधायला बोलावलंय मला. चार वर्षं. जुनी रेकॉर्डिंग्ज आहेत, आज्या गोष्टी सांगतायत अशी. साखालिनला जाता येईल की नाही, माहीत नाही. आणि वरद नको, बाबा. दहावं स्थळही नको. मला जायचंय. आज संध्याकाळी सहापर्यंत सांगायचंय."

ह्यासाठी अंबादासांची तयारी नव्हती. मुलगी कुठल्या घरात जाणार, ह्यावर त्यांनी काल सगळा जीव लावला होता. आता ती जाणार होती, पण घरच नव्हतं. ना सासू, ना कारखाना, ना गाव. घर नसलेल्या ठिकाणी मुलीला कसं पाठवतात, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी विचारलं की चार वर्षांनी निघणार काय? आभा खोटं बोलली नाही. म्हणाली, कदाचित काहीच नाही. कदाचित 'पुरावा अपुरा' एवढं लिहून मी परत येईन.

"एवढ्यासाठी चार वर्षं?"

"तुम्ही नाही का 'कागद अपुरे' असा शिक्का मारत?"

"मारतो. पण म्हणून माल खोटा ठरत नाही," अंबादास फटकन म्हणाले. "तो तिथेच असतो. थांबलेला." आणि आपण हे कुणाच्या बाजूने बोललो, ते त्यांचं त्यांनाच समजेना.

ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. खाली कंपन्यांच्या बसेस एकापाठोपाठ एक जबल अलीकडे चालल्या होत्या.

"काल मी हो ठरवून आलो होतो," ते शेवटी म्हणाले. "फार कष्टाने ठरवलं होतं. पण ते एका मुलासाठी होतं. मुलगाच नाही, तर ते हो मी आता कुठे लावू?"

आभाने त्यांचा हात धरला. "इथेच लावा ना, बाबा. मापात बसेल."

आभाने लॅपटॉप उघडला तेव्हा ते शेजारी खुर्ची ओढून बसले, आणि ती टाइप करत असलेली प्रत्येक ओळ चष्मा कपाळावर चढवून वाचू लागले. विद्यापीठाच्या नावाचं स्पेलिंग त्यांनी दोनदा ताडून पाहिलं. अकरा वाजता ईमेल गेलं.

दुपारी अजमानहून मृणालिनीताईंचा निरोप आला, की चुकोटकरांना तुमच्याकडची ढिलाई आवडलेली नाही आणि ते दुसरीकडे बघतायत. अंबादासांनी तो तीनदा वाचला. चुकोटकर नाहीत, हे आता त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी थोडा अपमान वाटायचा तो वाटलाच.

संध्याकाळी नाशिकचा फोन आला.

"मुलगा कसा आहे?" सविताने पहिला प्रश्न केला.

"मुलगा नाही."

"अगं बाई. गेला?"

"गेला नाही. नव्हताच. भाषा आहे."

"कसली भाषा करतोय तो?"

"तो नाही करत. तोच भाषा आहे. बर्फातली. तिला कुणी नातेवाईक नाहीत, म्हणजे असतील, पण भाऊबंद की सोयरे हे ठरायचंय. आभा ठरवायला जाणार आहे. चार वर्षं."

पलीकडे मागे कुणीतरी, बहुधा गुडघेवाली बहीण, काय म्हणतायत, काय म्हणतायत, असं विचारत होती.

"तुम्ही नीट बोला बरं," सविता म्हणाली. "पोरीने काही विचारलं का तुम्हांला?"

"विचारलं."

"मग? तुम्ही हो म्हणालात की नाही?"

"म्हणालो."

"कशाला?"

अंबादासांनी त्या पाठकोऱ्या कागदाकडे पाहिलं. दोन्ही टोकांची नावं तिथेच होती. फोन आभाकडे देत ते म्हणाले, "ते हिलाच विचार."